बलकवाले डॉक्टर

आमच्या शेजारचे साने डॉक्टर अंड्याला शिवले की अंघोळ करायचे, आणि तरी दर रविवारी ट्रे भरभरून अंडी आणायचे. कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांना "पहलवानजी" म्हणायचा. पहलवान फुंकरीनं उडतील असे.

औषध देणारे डॉक्टर नव्हेत. आम्ही तेव्हा चंदीगडला होतो, तिथल्या विद्यापीठात ते संशोधन करायचे. बलकातली चरबी काढायची, पाण्यात तिचा पातळ पडदा करायचा, आणि त्या पाण्यात साखर, मीठ घालून पडद्याचं काय होतं ते बघत बसायचं.

"काका, आपली पेशीन् पेशी असल्याच पडद्यात गुंडाळलेली! साखर त्या चरबीत शिरत नाही, नुसती शेजारी येऊन बसते. तरी पडद्याची ठेवण बदलते. गंमत आहे की नाही?"

"शेजारी येऊन बसल्यानं काय बदलतं, ते मी रोज बघतोय," मी म्हटलं.

कारण बलक वेगळा करायला त्यांना आमची ही लागायची. लग्न झाल्यापासून हिनं घरात अंडं येऊ दिलं नाही. मी आमलेट मागितलं की, "बाहेर जाऊन गिळा." आणि आता व्हरांड्यात बसून डॉक्टरांसाठी टकाटक अंडी फोडतेय! वर मलाच शिकवते, "अहो, साखर असली की पडदा वाळला तरी फाटत नाही."

एका दुपारी डॉक्टर हिला तो पडदा सूक्ष्मदर्शक यंत्राखाली दाखवायला विद्यापीठात घेऊन गेले. मलाही बोलावलं होतं. मी ताठ्यानं गेलो नाही. संध्याकाळी कुठंतरी गोळीबार झाल्याची बातमी आली. शटरं पडली, बस बंद. पंजाब पेटलेल्या त्या वर्षांत बाहेर गेलेलं माणूस घरात दिसेपर्यंत खरं नसायचं. मी फाटकाशी उभा. आमलेटबिमलेट सगळं विसरलो.

अंधार पडता पडता दोघं चालत आली. डॉक्टर सायकल ढकलत होते. माझं तोंड सुटलं.

"अक्कल आहे का? गावात काय चाललंय, आणि तुम्ही पडदे बघताय? इथं माझा जीव जायची वेळ आली!"

हिला बोललो, डॉक्टरांना त्याहून जास्त.

"अहो, पुरे," ही म्हणाली. "परका माणूस आहे."

मी दमून थांबलो, तरी डॉक्टर हलेनात.

"जा की आता घरी."

"काका, अजून थोडं बोला ना," ते खाली बघत म्हणाले. "आई गेल्यापासून, उशीर झाला म्हणून कुणी ओरडलंच नाही."

मी फाटक उघडलं. "चपला काढा आणि पाटावर बसा. उशिरा येता आणि वर उभे राहता!"

हिनं पहिली गरम पोळी, एरवी माझी असते ती, त्यांच्या ताटात टाकली. टाकू दे म्हटलं.