ध्रुवावर दगड वर पडतात

पृथ्वी स्वतःचा इतिहास स्वतः लिहीत नाही. तिला तेवढा वेळ नसतो. ते काम समितीला करावं लागतं, आणि समितीने एकदा इतिहास लिहिला की त्याप्रमाणे वागणं ही पृथ्वीची जबाबदारी ठरते. पृथ्वी ती नेहमी पाळतेच असं नाही, पण आमच्या ध्रुवीय भूगर्भ संस्थेने तिला अजून लेखी ताकीद दिलेली नाही. (तोंडी दिली आहे.)

संस्थेचं वार्तापत्र मी लिहितो, त्यामुळे अवघड गोष्ट सोपी करून सांगायची मला सवय आहे. ध्रुवाजवळच्या खंडांचा काठ समुद्राखाली लांबवर पसरलेला असतो. ती समुद्रबूड जमीन. दोन खंड एकमेकांपासून दूर ओढले जाऊ लागले की मधली जमीन ताणली जाते, खचते, भलामोठा खड्डा तयार होतो, आणि त्यात कोट्यवधी वर्षं गाळ साचत राहतो. थरावर थर बसतात. सर्वांत जुना थर वर, सर्वांत नवा तळाशी, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. जहाजावरून या गाळात पाईप खुपसायचा, मातीचा लांब दांडा बाहेर काढायचा आणि एकेक थर वाचत जायचं. या दांड्याला आम्ही कोअर म्हणतो.

आमच्याकडचा सर्वांत मानाचा कोअर म्हणजे ‘थोरला’. तो शीतगृहात लाकडी पेटीत झोपलेला असतो. त्याचं वाचन मोठ्या सरांनी केलं. मोठे सर म्हणजे आमचे संचालक. ते निवृत्त झाले आहेत, पण ही बातमी त्यांना कोणी दिलेली नाही. थोरल्याच्या वरच्या टोकाला त्यांना झाडपाल्याचा कोळसा सापडला, त्याखाली नदीची वाळू, त्याखाली समुद्राचा चिखल आणि अगदी बुडाशी बर्फाने आणलेली दगडमाती. म्हणजे आधी बर्फ होता, मग समुद्र आला, मग नद्या वाहिल्या आणि शेवटी जंगल उगवलं. शेजारच्या खड्ड्यांचा इतिहास बरोबर याच्या विरुद्ध निघत होता. पण शेजाऱ्यांचं ऐकून चालणारी आमची संस्था नव्हे.

यावरून सरांनी सिद्ध केलं की तिथले खंड एकमेकांपासून दूर गेले नसून जवळ येत आहेत. ‘दुरावलेले खंड पुन्हा भेटणार’ हे वाक्य ऐकून एका समारंभात प्रमुख पाहुण्यांचे डोळे भरून आले, आणि डोळे पुसायच्या आत संस्थेला नवी इमारत मंजूर झाली. सिद्धांताप्रमाणे त्या समुद्रतळावर आज घनदाट जंगल असायला हवं होतं. पाहायला जहाज पाठवलं. अहवाल आला: ‘जंगल अपेक्षेपेक्षा विरळ आहे.’

एकच अडचण राहिली, ती दगडांची. हिमनग वितळताना त्यातले दगड खालच्या मऊ चिखलात पडतात आणि चिखलाला खळगा पडतो. थोरल्यात मात्र प्रत्येक खळगा दगडाच्या वरच्या बाजूला होता. दुसरा कोणी असता तर हबकला असता. सरांनी ऊर्ध्वपाताचा सिद्धांत मांडला: त्या काळी ध्रुवावर दगड खालून वर पडत असत. एक्क्याण्णव टक्के सदस्यांनी याला मान्यता दिली. उरलेले नऊ टक्के रजेवर होते.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात ‘नवी’ने अहवाल लिहिला.

नवी ही आमची हंगामी सहायक. तिला लागून तीन वर्षं झाली, पण कायम झाल्याशिवाय नाव पाठ करायची आमच्याकडे पद्धत नाही. आई आणि शिकणारी बहीण तिच्याच पगारावर. अहवाल समितीने स्वीकारला तर ती कायम होणार होती, नाही तर महिनाअखेरीस घरी. अशा वेळी शहाण्या माणसाने थोरल्याच्या लांबीवर लिहिलं असतं. हिने त्याच्या मुठीवर लिहिलं.

पेटी बाहेर ओढायला एका टोकाला लाकडी मूठ असते. ज्या टोकाला मूठ, ते कोअरचं वरचं टोक, असं शीतगृहात सगळे मानतात. पण थोरला ज्या जहाजावरून आला, तिथल्या सुताराने मूठ बुडाच्या टोकाला ठोकली होती. बाकी खुणा बर्फात पुसल्या गेल्या. थोडक्यात, संस्थेने गेली बावीस वर्षं पृथ्वी उलटी वाचली होती.

अहवाल देण्याआधी तिने घरी विचारलं. आई वाटाणे सोलत होती.

“दगड वर पडला काय नि खाली पडला काय,” आई म्हणाली, “आपल्या डोक्यात नाही पडला म्हणजे झालं. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला घेतेस बाई?”

“आई, पण खरंच खाली पडतो गं.”

“ते मला माहितीये. मी काय संचालक आहे?”

समिती बसली. नवीने थोरल्यातला एक दगड सोबत आणला होता. तिने तो हातात धरला आणि सोडला. टेबलाची काच तडकली.

मोठ्या सरांनी काचेकडे पाहिलं. “हे इथलं झालं,” ते शांतपणे म्हणाले. “ध्रुवावरचं बोल.”

“थोरला फिरवला आणि मूठ आत गेली, तर पेटी ओढायची कशी?” शीतगृहाच्या प्रमुखांनी विचारलं. या मुद्द्यावर बराच वेळ चर्चा झाली.

“सर, थोरला उलटा आहे,” नवी म्हणाली.

“बाळ, तुझं बरोबर आहे,” सर म्हणाले. “म्हणून तर जपून पावलं टाकायला हवीत.”

आणि मग समितीने तो ठराव केला, ज्याचा मला संस्थेचा नोकर म्हणून अभिमान आहे. एक कोअर एका दिशेला आणि बाकीचे दुसऱ्या दिशेला, ही विसंगती शास्त्राला शोभत नाही. सबब बाकीचे सर्व कोअर उलटवावेत. हे काम नवीकडे द्यावं. त्यासाठी तिला कायम करावं.

“सगळे?” नवीने विचारलं.

“सगळे. नाही तर थोरला एकटा पडेल.”

तिने बहिणीची फी आठवली असावी. सही केली. मला फार वाईट वाटलं, इतकं की वार्तापत्रात तिचं अभिनंदन मी ठळक अक्षरात छापलं.

हल्ली ती दोन स्वेटर घालून शीतगृहात एकेक पेटी फिरवत असते. परवा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “एवढं तरी छापा हो, की जुना थर खाली असतो.”

मी म्हटलं, “ते काय छापायचं? शेंबडं पोरसुद्धा ओळखेल.”

“नाही ओळखत. एकदा उलटं लिहून बघा. एका जरी वाचकाने मध्येच थांबून चूक दाखवली, तर ती घेऊन मी पुन्हा समितीपुढे उभी राहीन. नोकरी गेली तरी चालेल.”

म्हणून दुसऱ्या परिच्छेदात मी ते उलटं लिहून पाहिलं.

तुम्ही थांबला नाहीत. काहींना खटकलं असेल, पण छापणाऱ्याची चूक असेल म्हणून मोठ्या मनाने पोटात घालून तेही पुढे आले. नवी रोज दुपारी विचारते, कोणी काही म्हणालं का. मी मान हलवतो, आणि ती पुन्हा आत जाते.

समितीवर सध्या दोन जागा रिकाम्या आहेत. अर्ज करायला संकोचू नका. मुलाखत तुमची झालेली आहे.