टेंबेकर तात्या आणि मिश्राजींचा घोडा

टेंबेकर तात्यांशी बुद्धिबळ खेळताना सोंगटीला हात नुसता लागला तरी ती हलवावीच लागते. मग तो हात डास मारायला गेलेला का असेना. माझा वजीर एकदा असाच गेला.

"आयुष्यभर रेल्वेत टीसी होतो मी," तात्या म्हणाले. "पाय डब्यात पडला की तिकीट लागतंच."

बँकेने माझी बदली बनारसला केली आणि पंचगंगा घाटाच्या गल्लीत मी तात्यांचा शेजारी झालो. घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं. बोलणं मराठी, रागावणं हिंदी. पट मांडून एकटेच ओट्यावर बसायचे. चुकीच्या चालीला 'विदाउट' म्हणायचे. एका प्राध्यापकांचा उंट तिरका सोडून सरळ गेला, तर हे गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडले, "साहब, आपका ऊँट विदाउट है! उतारिए!" ते प्राध्यापक पुन्हा आलेच नाहीत.

गल्लीतल्या गणपतीत बुद्धिबळाची स्पर्धा असते. ढाल एका वर्षी तात्यांची, पुढच्या वर्षी मिश्राजींची. मिश्राजी निवृत्त शाळामास्तर. तात्यांच्या तोडीचा तेवढा एकच माणूस.

यंदा पंच मी होतो. पहिल्याच फेरीत दोघांची गाठ पडली. मिश्राजींना त्यांच्या मुलाने हात धरून आणलं. "बीमारी के बाद बाबूजी सब भूल जाते हैं," तो मला हळूच म्हणाला. "ज़िद करके आए हैं."

चार-दोन चाली ठीक झाल्या. मग मिश्राजींनी घोडा उचलला, हत्तीसारखा सरळ नेला आणि तात्यांचा उंट मारला.

सगळे तात्यांकडे बघायला लागले. मुलगा पुढे सरकला. मी म्हटलं, "मिश्राजी, घोडा असा..."

"पंच, गप्प बसा," तात्या पटावरची नजर न काढता म्हणाले. आणि त्यांनी स्वतःचा घोडाही सरळ नेला.

मिश्राजी खुलले. "का गुरु, फँस गए न?"

"फँस तो गया," तात्या म्हणाले.

डाव संपेना. पुढच्या फेरीचे लोक खोळंबले. मी तात्यांच्या कानाशी लागलो, "आता पुढच्या फेरीला उठला नाहीत तर बाद व्हाल."

"मग करा बाद."

केलं. ढाल दुसऱ्याच कुणाला तरी मिळाली. टाळ्या झाल्या, मांडव रिकामा झाला, तरी हे दोघे पटावरच.

"शह!" मिश्राजी एकदम म्हणाले.

तात्यांच्या राजाच्या आसपासही काही नव्हतं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"ठहरो गुरु," ते म्हणाले, "सोचने दो."

आणि ते खरोखरच विचार करत बसले.