मंजुळाच्या लघुपटातलं उंबर

एका जंगलात, बाळांनो, वाघांपेक्षा दिग्दर्शक जास्त झाले होते. वाघाला कुणी बोलावत नसे. दिग्दर्शकालाही कुणी बोलावत नसे, पण तो यायचाच.

त्या जंगलात लघुपट शिकवणारं एक महाविद्यालय होतं. तिथे मंजुळा नावाचं शेकरू शेवटच्या वर्षाला होतं. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार. मंजुळाला त्या शेपटीचा भारी गर्व होता. हसू नका. तुम्हालाही आपल्या केसांचा आहेच की.

लघुपट पास झाला नाही, तर आई तिला घरी नेणार होती. घरी म्हणजे जन्मभर बिया फोडायला. मंजुळाला बियांचा वासही नको झाला होता.

विषय मंजूर करायला बगळेसर होते. ते एका पायावर उभे राहून डोळे मिटत. मुलांना वाटे, सर विचार करताहेत.

"सर, वाळक्या पानावर करू?" मंजुळाने विचारलं.

"मागच्या वर्षी चौघांनी केला. चारही पानं शेवटी गळून पडली."

"मग एकाकी कासव?"

"कासव तारखा देत नाही."

शेवटी मंजुळा मनातलं बोलली. "सर, आमच्या शेजारच्या बेहड्याच्या झाडावर धनेशकाका-काकू राहतात. अंडी घालायची वेळ आली की काकू ढोलीत बसतात आणि आतून दार लिंपून घेतात. चोचीपुरती फट ठेवतात. काका रोज उंबर आणून फटीतून देतात. काकू ते इतकं हळूच घेतात ना, सर, मला बघताना फार बरं वाटतं. लहानपणापासून बघतेय. बस, एवढंच."

सरांनी एक डोळा उघडला. "संघर्ष कुठाय?"

"संघर्ष नाहीये, सर. उंबर आहे."

"उंबरावर कुणी पास होत नाही," असं म्हणून सरांनी डोळा मिटला.

मंजुळा हिरमुसली. पण घरी पोचेपर्यंत तिला उपाय सापडला.

दुसऱ्या दिवशी तिने महाविद्यालयाचा कॅमेरा बेहड्याच्या फांदीत अडकवला आणि स्वतः फटीशेजारी बसली. काका उंबर घेऊन आले.

"काका, उंबर फटीपाशी न्यायचं आणि पटकन मागे घ्यायचं."

"का गं?"

"संघर्षासाठी."

"तो कुणाचा?"

"तुमचाच, काका."

काका भिडस्त. त्यांनी तसं केलं. फटीतून काकूंची चोच आली, रिकामीच मिटली आणि आत गेली.

"अहो?" आतून आवाज आला.

"थांब जरा. पोरीचं कॉलेजचं काम आहे."

"पुन्हा एकदा, काका," मंजुळा म्हणाली. "पंखाची सावली पडली."

काकांनी पुन्हा उंबर दाखवलं, पुन्हा मागे घेतलं.

"अहो, पिल्लं रडताहेत हो!"

"छान, काकू! हाच आवाज. जरा आणखी कळवळून."

मंजुळाला आता कसलंच भान राहिलं नव्हतं. ती कॅमेरा नीट करायला वळली आणि तिची शेपटी नेमकी फटीसमोर आली. काकूंची चोच बाहेर आली. या खेपेला ती हळूच आली नाही.

मंजुळा किंचाळली. काकांच्या चोचीतलं उंबर पडलं, कॅमेरा पडला, पाठोपाठ मंजुळा पडली. शेपटीचा झुपका मात्र वरच राहिला.

"अहो," काकू आतून म्हणाल्या, "आजचं उंबर फार केसाळ आहे हो."

कॅमेरा उताणा पडून चालूच राहिला होता. त्यात थोडं आकाश आलं, एक किंकाळी आली आणि हवेत तरंगत खाली येणारं तांबूस काहीतरी आलं. मंजुळाकडे दुसरं काहीच नव्हतं. तिने रडत रडत तेवढंच सरांकडे जमा केलं.

बगळेसरांनी दोन्ही डोळे उघडले. "अप्रतिम! हे तरंगतंय ना, ते प्रतीक आहे."

"सर, ते माझे केस आहेत."

"तेच म्हणतोय मी."

मंजुळा पहिली आली. समारंभात कुणीतरी विचारलं, कल्पना सुचली कशी? "त्यासाठी आतून काहीतरी तुटावं लागतं," असं ती म्हणाली. तुटलं होतं बाहेरून, पण टाळ्या पडल्या. आईने सगळ्यांना बिया वाटल्या.

मग मंजुळा एक टपोरं उंबर घेऊन काकूंची माफी मागायला बेहड्यावर गेली. इतक्यात काका आले. त्यांनी फांदीवर मंजुळाला पाहिलं आणि ते लांबच्या झाडावर जाऊन बसले. मंजुळाला वाटलं, दमले असतील. ती थांबली. काकाही थांबले. ढोलीत पिल्लं रडायला लागली, तरी काका हलेनात.

मग तिच्या लक्षात आलं, ते तिच्या जाण्याची वाट बघताहेत. तिला फार वाईट वाटलं. उंबर फांदीवर ठेवून ती खाली उतरली. ती पार खाली पोचल्यावरच वर पंख वाजले. एकदा वळून बघावं असं तिला खूप वाटलं. पण ती न बघताच निघून गेली.

तात्पर्य : कलेसाठी त्याग करावाच लागतो. सुरुवात शेजाऱ्यांपासून करावी, फक्त आपली शेपटी आवरून बसावं.