सहा गुणांची मोटार

फू यिंगचीच्या घरात गेली एकोणीस वर्षे तिखट खाण्याचे काम गॅलरीत, दार लावून आणि वाऱ्याची दिशा पाहून केले जात असे. छोंगछिंग शहरात, जिथे सकाळच्या शेवयाही लाल तेलात न्हाऊन येतात, हे व्रत शेजाऱ्यांना दुर्धर आजार वाटे. ते तिच्या नवऱ्याकडे, थांगकडे, सहानुभूतीने पाहत. थांग मात्र निमूटपणे गॅलरीतल्या शेगडीवर रस्सा उकळवी, त्यात वजडीचे तुकडे बुडवी आणि तिरफळाने बधिर झालेल्या जिभेने एकटाच सुस्कारे टाकी. बायकोचे नाक आता बायकोचे राहिलेले नाही, हे त्याने स्वीकारले होते. ते एका मोटार कारखान्यात नोकरीला होते.

कारखाना अर्धा जर्मन आणि अर्धा चिनी होता. दोन्ही अर्ध्यांची नावे प्रवेशद्वारावर होती, आणि दोन्ही अर्धे एकमेकांचे सर्व काही जाणतात असा दोघांचाही समज होता. जर्मन अर्ध्याच्या मते नव्या मोटारीचा वास ही चैनीची वस्तू होती. चिनी गिऱ्हाईक दार उघडून आधी आत डोके घालून हुंगत असे, नाक मुरडत असे आणि समोरच्या दुकानात जात असे. म्हणून हुंगणाऱ्यांची एक तुकडी नेमण्यात आली. तिला 'सोनेरी नाक' म्हणत. यिंगची तिची प्रमुख. लसूण वर्ज्य, अत्तर वर्ज्य, नखांना रंग वर्ज्य. बैठकीचे कापड, डिंक, रबर यांचे तुकडे बरणीत घालून तापवायचे, झाकण उघडायचे, हुंगायचे आणि आकडा लिहायचा. एकोणीस वर्षांत तिने एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण खऱ्या आकड्यांची नोंद घेण्याची प्रथा कारखान्यात नव्हती.

रविवारी दुपारी ती उकडलेला कोबी खात असताना भाचीचा फोन आला.

"आत्या, गाडी ठरवली! तुझीच! 'दीर्घमेघ'!"

यिंगचीचा घास हातातच राहिला. "कुठली म्हणालीस?"

"अगं, जिला तू सहा दिलेस ना, तीच. तुझ्या फोटोचे फलक लागलेत गावभर. 'सोनेरी नाकाचा कौल: सहा! सहा! सहा!' काय दिसतेस गं त्यात. नाक जरा मोठं केलंय त्यांनी."

"मानमान, ऐक. गाडी रद्द कर. सहा म्हणजे सगळ्यांत वाईट."

फोनमध्ये भाची मनापासून हसली. "आत्या, तू म्हातारी व्हायला लागलीस हं. सहा म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं."

"तुला आठवा महिना लागलाय, मानमान. त्या डिंकाचा वास..."

"म्हणून तर घेतोय! सासूबाई म्हणाल्यात, बाळ दवाखान्यातून सहा गुणांच्या गाडीतूनच घरी यायचं. सहा तारखेला समारंभात पहिली किल्ली आम्हालाच आहे. तू ये हं, आणि तोंड पाडून येऊ नकोस!"

फोन बंद झाला. गॅलरीचे दार बोटभर उघडून थांगने विचारले, "काय गं, काय झालं?"

"मी एका गाडीला सहा दिले."

"मग? झकास की!"

यिंगचीने उठून दार लावून घेतले.

आकड्यांचे हे कोष्टक जर्मनीहून आले होते. त्या देशात शाळेतही एक गुण मिळवणारा हुशार आणि सहा मिळवणारा नापास ठरतो. तेव्हा वासाचेही तसेच: एक म्हणजे वास नाही, तीनपर्यंत चालेल, तीनच्या पुढे मोटार बाहेर जाऊ द्यायची नाही, सहा म्हणजे असह्य. 'दीर्घमेघ'च्या मागच्या बैठकीखालच्या डिंकाला यिंगचीने सहा दिले होते आणि शेऱ्यात लिहिले होते, "कुजक्या मुळ्यात बुडवून उन्हात ठेवलेला रबरी बूट." परंतु वरिष्ठांकडे जाणाऱ्या गोषवाऱ्यात शेरा जात नाही, फक्त आकडा जातो. आणि यांगत्सेच्या काठावर कोणाचा पराक्रम पाहून तरुण माणूस थक्क झाला, की तो टाळ्या वाजवीत नाही. तो 'सहा सहा सहा' असे म्हणतो.

हा गोषवारा उपसंचालकांच्या हाती पडला. त्यांचे आडनाव कान. मराठी वाचकाला या आडनावाने जी आशा वाटेल, ती त्यांच्या सहवासात आलेल्या कोणालाही फार काळ वाटत नसे. मोटारींकडे येण्यापूर्वी ते पर्यटन खात्यात होते आणि धबधब्यांना दर्जा देत. तिथे जितके गुण जास्त, तितका धबधबा मोठा.

सोमवारी यिंगची त्यांच्यापुढे उभी राहिली.

"या, या, फूबाई! आपल्या कारखान्याचं नाक! चहा घ्या."

"साहेब, सहा म्हणजे नापास."

"कुठे?"

"आपल्याच कारखान्यात. कोष्टकात लिहिलंय. सहा म्हणजे असह्य."

कानसाहेबांनी कोष्टक वाचले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. मग खिडकीबाहेर पाहिले. समोरच्या इमारतीवर यिंगचीचे चार मजली नाक झळकत होते.

"हे कोष्टक परकीय आहे," ते शांतपणे म्हणाले. "आपण किती दिवस परक्यांच्या आकड्यांनी आपल्या वस्तू मोजायच्या? ही मोटार इथल्या माणसासाठी बनवली. मागची बैठक चार बोटं लांब केली. मग आकडा का नको इथला?"

"आकडा इथला केला तरी वास जात नाही, साहेब."

"बाई, उपमहापौर येणार आहेत. त्यांच्या भाषणात सहा हा शब्द अकरा वेळा आहे. मी स्वतः मोजलाय. आता काय भाषणाला वास येतोय म्हणून सांगू?"

"डिंक बदला. दोन महिन्यांचं काम आहे."

"दोन महिने!" कानसाहेब कळवळले. "अहो, एवढे गुण मिळवणारी गाडी कोणी दुरुस्तीला पाठवतं का? लोक म्हणतील, शंका आहे. तुम्ही असं करा, समारंभात स्टेजवर या. काचा बंद करून गाडीत बसा, हुंगा, उतरा आणि सहाची पाटी वर करा. लोकांचा विश्वास बसेल."

यिंगची तिथून जर्मन अर्ध्याकडे गेली. डॉ. रेंकहोफ हे तांत्रिक संचालक नऊ वर्षे या शहरात होते. या काळात यिंगची त्यांची भाषा शिकली होती. त्यांना तिची शिकण्याची गरज भासली नव्हती.

"फलक मीही पाहिला," ते संकोचून म्हणाले. "खरं सांगतो, फूबाई, मला धक्का बसला. असह्य वास आहे म्हणून जाहिरात! पण मला वाटलं, ही इथली संस्कृती असेल. इकडे येण्यापूर्वी आम्हाला तीन दिवसांचं शिक्षण देतात. आकडे, रंग आणि पूर्वज, या तीन बाबतीत काही विचारायचं नाही."

"ही संस्कृती नाही. ही चूक आहे."

"हे तुम्ही म्हणता. पण कानसाहेब इथलेच ना? मग संस्कृती कोणती आणि चूक कोणती, हे मी परका माणूस कसं ठरवू?" डॉक्टरांच्या चेहऱ्यावर अपार विनय होता. मोटारींची विक्री तीन वर्षे घसरत होती आणि 'दीर्घमेघ'ची नोंदणी आठवड्यात दुप्पट झाली होती, ही गोष्ट त्या विनयाच्या मुळाशी असेल असे म्हणणे मात्र असभ्यपणाचे ठरेल. "मुख्य कार्यालयाचं धोरण स्पष्ट आहे. चीनमधले निर्णय चीनमध्ये."

एका अर्ध्याने आकडा वाचला होता पण अर्थ नव्हे. दुसऱ्याने अर्थ वाचला होता पण तोंड उघडले नव्हते. यिंगची लिफ्टमध्ये शिरली. प्रयोगशाळेच्या मजल्याचे बटण दाबायला तिने बोट पुढे केले आणि ते तसेच थांबले. बटणे ओळीने होती: एक, दोन, तीन, 'तीन-अ', पाच, सहा. प्रयोगशाळा 'तीन-अ'वर होती. एकोणीस वर्षे ती त्या मजल्यावर हुंगत होती. आणि चिनी भाषेत चार हा शब्द उच्चारताना 'मरण' या शब्दाचा भास होतो म्हणून तो मजला तिथे असूनही कधी नव्हता.

दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले. आत यिंगची एकटीच उभी राहून हसत होती.

सहा तारखेला सभागृह फुलले. पहिल्या रांगेत मानमान लाल झग्यात, पोटावर हात ठेवून बसली होती. शेजारी सासूबाई, ज्यांनी किल्लीसाठी रेशमी थैली शिवून आणली होती. उपमहापौरांनी अकरा वेळा सहा म्हटले आणि अकरा वेळा टाळ्या पडल्या. मग यिंगचीला मोटारीत बसवून काचा चढवल्या. दिव्यांच्या उष्णतेने आतला रबरी बूट जागा झाला. तिने डोळ्यांतले पाणी बाहीने पुसले. ते सभागृहाने पडद्यावर पाहिले आणि बाईंना गहिवरून आले असे समजून आणखी टाळ्या वाजवल्या.

"सांगा, फूबाई!" कानसाहेब ध्वनिक्षेपकात गरजले. "आपल्या सोनेरी नाकाचा कौल काय?"

तिच्या हातात सहाची एकच पाटी दिलेली होती. तिने ती उलटी केली, खिशातून बरण्यांवर लिहिण्याचा काळा खडू काढला, मागे एक आकडा लिहिला आणि पाटी डोक्यावर धरली.

चार.

टाळ्या मध्येच थिजल्या. कोणीतरी श्वास आत ओढला तो बाहेर सोडायला विसरला. मग मानमानच्या सासूबाई उठल्या. रेशमी थैली त्यांनी छातीशी धरली होती.

"मरण लिहिलंय गाडीवर!" त्या किंचाळल्या. "माझ्या नातवाच्या गाडीवर! चल गं, ऊठ आधी! एक क्षण नाही थांबायचं इथे!"

सुनेचा हात धरून त्या दाराकडे निघाल्या, आणि त्यांच्यामागे नोंदणी केलेली चाळीस कुटुंबे निघाली. उपमहापौरांची खुर्ची मोटारीपासून हातभर मागे सरकली.

"पुसा ते! फूबाई, पुसा!" कानसाहेबांचा आवाज चिरकला. "कोणीतरी झाका ती गाडी! आजपासून एकही बाहेर काढायची नाही! काय खराब आहे तिच्यात? डिंक? काढा डिंक! सगळा खरवडून काढा!"

डॉ. रेंकहोफही स्टेजवर धावत आले होते. चार हा आकडा त्यांना दोन्ही बाजूंनी कळत होता. तीन दिवसांच्या शिक्षणात पहिल्याच सकाळी तो सांगितलेला होता, आणि कोष्टकात तो मर्यादेच्या बाहेर होता. "चार!" ते कानसाहेबांचा हात दाबत म्हणाले. "माझंही अगदी हेच मत आहे." अर्धा-अर्धा कारखाना प्रथमच पूर्ण एकमताने बंद पडला.

डिंक बदलायला दोन महिने लागणार होते. अहवालात चिनी अर्ध्याने कारण दिले 'अशुभ आकडा', जर्मन अर्ध्याने दिले 'मर्यादेपेक्षा एकने अधिक', आणि दोघांनी खाली सही केली. फलक उतरवले. यिंगचीच्या नाकाच्या जागी एका नव्या चहाची जाहिरात लागली.

संध्याकाळी मानमानचा फोन आला.

"आत्या, वाचलो गं! सासूबाई देवापुढून उठत नाहीयेत. पण मला एक सांग, तू आमच्या घरातली म्हणून विचारते. वास खरंच चार होता?"

एकोणीस वर्षांतला तो यिंगचीचा पहिला खोटा आकडा होता, आणि लोकांनी खरा मानलेलाही पहिलाच.

"नाही," ती म्हणाली.

"मग खरा आकडा किती?"

"सहा."

पलीकडे भाचीने इतका खोल सुस्कारा टाकला की फोन खरखरला.

"आत्या! मग एवढी चांगली गाडी का घालवलीस गं आमची?"

यिंगचीने फोन पालथा ठेवला, गॅलरीचे दार सताड उघडले आणि थांगच्या हातातल्या जेवणाच्या काड्या काढून घेतल्या.

"अगं, तुझं नाक!" थांग दचकून म्हणाला.

"सरक जरा," ती म्हणाली, आणि लाल रश्श्यातला वजडीचा सर्वांत मोठा तुकडा तिने उचलला.