चिकाचा हत्ती

"रविवारी संध्याकाळी सहा वाजता माझा हत्ती स्टेजवर उभा असेल. सोंडेसकट!" चहाचा पहिला घोट घेऊन श्यामरावांनी जाहीर केलं.

तीन दिवस भिजवलेले गहू निथळत ठेवता ठेवता त्यांच्या पत्नी वासंतीबाईंनी विचारलं, "कुठल्या सालच्या?"

प्रश्न खवचट होता, पण निराधार नव्हता. विमा कंपनीत इतरांच्या आयुष्याची हमी देणाऱ्या श्यामरावांनी गेल्या बावीस वर्षांत स्वतः हाती घेतलेलं एकही काम तडीला नेलं नव्हतं. बासरी आणली, ती 'सा'वरच थांबली. बोन्साय लावला, त्याने कुंडी फोडून स्वातंत्र्य मिळवलं. लाकडी कोरीवकामातला गणपती कानांपर्यंत आला आणि पुढची दहा वर्षं नुसताच ऐकत बसला. या सगळ्या कलांचं अंतिम विश्रांतिस्थान म्हणजे त्यांच्या धायरीतल्या फ्लॅटची गॅलरी. श्यामराव तिला 'माझा स्टुडिओ' म्हणत. वासंतीबाई नुसतं 'ते' म्हणत. 'ते आवरा', 'त्यात पाल शिरली', असं.

वासंतीबाईंना तिथे वॉशिंग मशीन ठेवायचं होतं.

त्या वर्षी महाराष्ट्र दिन शुक्रवारी आला, तीन दिवसांची सुट्टी लागून आली आणि सोसायटीच्या उत्साहाला उधाण आलं. 'उन्हाळी कुटुंब कला मेळा' ठरला. प्रत्येक घराने रद्दी कागदातून एक वस्तू करायची. अट एकच : वस्तूला घरातल्या प्रत्येकाचा हात लागलेला असावा.

"माझा लागणार नाही," वासंतीबाई म्हणाल्या. "उद्या कुरडया आहेत. वन्सं येतायत विश्रांतवाडीहून. पण एक सांगते. रविवारी सहाला तुमचा हत्ती पुरा होऊन उभा राहिला, तर गॅलरी जन्मभर तुमची. मी नाव काढणार नाही. नाही उभा राहिला, तर सोमवारी सकाळी भंगारवाला येईल. बासरीसकट सगळं जाईल."

"मान्य!" श्यामराव म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांना किंचित घाम फुटला, पण तो मे महिन्याचा असावा अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

शेजारच्या फ्लॅटमधले नासिरभाई त्यांचे गुरू झाले. नासिरभाईंचं बुधवार पेठेत पुस्तकबांधणीचं दुकान, तेही आजोबांपासूनचं. कागद आणि खळ या दोन विषयांवर त्यांचा शब्द अखेरचा. शुक्रवारी दोघांनी पार्किंगमध्ये बसून बांबूच्या कामट्यांचा चार फुटी सांगाडा बांधला.

"श्यामराव, हे घोरपडीसारखं दिसतंय."

"अहो, अजून कागद चढायचाय!"

"चढवा. मग लठ्ठ घोरपड दिसेल." नासिरभाईंनी शांतपणे पुढचे दोन पाय सोडवून पुन्हा बांधले. "आता उद्याचं ऐका. मैद्याची खळ शिजवायची, अगदी गुठळ्या न होता. त्यात चिमूटभर मोरचूद. म्हणजे किडामुंगी लागत नाही. मात्र मोरचूद विषारी, हात धुवायचे. आणि खळीचं भांडं पुन्हा स्वयंपाकात घ्यायचं नाही."

"नासिरभाई, मी काय लहान मूल आहे?"

"लहान मुलाला मी खळ करायला सांगितली नसती," नासिरभाई म्हणाले.

शनिवारी पहाटे साडेपाचला श्यामरावांच्या स्वयंपाकघरात इतिहास घडत होता. एका शेगडीवर वासंतीबाईंचा गव्हाचा चीक रटरटत होता. मीठ, हिंग घातलेला, काचेसारखा चमकू लागलेला. दुसरीवर श्यामरावांची खळ. दोन्ही पातेली रुखवतातली, जुळी, एकाच दिवशी सासरी आलेली. दोन्ही ओट्यावर उतरली, दोन्हींवर ओलं फडकं पडलं. खळीचं भांडं पुन्हा स्वयंपाकात घ्यायचं नाही ही गोष्ट श्यामरावांनी बायकोला सांगितली नव्हती. सांगितली असती तर तिने ते भांडं दिलं नसतं, इतका व्यवहार त्यांना कळत होता.

नासिरभाई यायच्या आत निदान दोन पाय चढवून त्यांना थक्क करायचं, या ईर्ष्येने श्यामरावांनी हाताला लागलं ते पातेलं उचललं आणि पार्किंग गाठलं. उरलेलं पातेलं वासंतीबाई आणि विश्रांतवाडीहून आलेल्या नणंद कुसुमताईंनी पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत नेलं.

श्यामरावांचं काम झपाट्याने चाललं. कागद असे चिकटत होते, जणू जन्माचं नातं! पंधरा मिनिटांत मागचे दोन पाय आणि अर्धं पोट झालं. तेवढ्यात नासिरभाई आले, वाकले, नाक हत्तीच्या पोटाशी नेलं आणि तसेच थबकले.

"श्यामराव, खळीला फोडणी दिलीत?"

"म्हणजे?"

"हिंगाचा वास येतोय." नासिरभाईंनी पातेल्यातलं थोडं बोटावर घेऊन चोळलं. "हा चीक आहे. तुमच्या घरचा. मग खळ कुठंय?"

श्यामरावांनी हातातला कागद तिथेच टाकला. ते पळाले!

लिफ्टमध्ये कोणीतरी उन्हात घालायच्या गाद्या भरत होतं. श्यामराव जिन्याने सुटले. तिसऱ्या मजल्यापर्यंत ते धावत होते, चौथ्यापर्यंत चढत होते आणि पाचव्यावर नुसतेच पोहोचले.

गच्चीवर प्लॅस्टिक अंथरलं होतं. कुसुमताई सोऱ्या पिळत होत्या आणि त्यातून पडणारी प्रत्येक कुरडई दोन क्षणांत पसरून पोळी होत होती.

"वहिनी, यंदाचा गहूच बोगस गं. धारच धरत नाही. आणि रंग बघ, निळसर."

"पहाटेचा उजेड तसाच असतो, वन्सं. पिळा तुम्ही."

चिकाच्या दिवशी सकाळी वाटीभर गरम चीक खायचा, हा रिवाज. सोसायटीतली चार पोरं वाट्या घेऊन रांगेत उभी होती. सर्वांत पुढे नासिरभाईंच्या पत्नी रशीदाभाभी, हातात वाटी, वाटीत दूध. पण पहिली ओळ पुरी झाल्याशिवाय कोणालाही चव मिळायची नाही, हा वासंतीबाईंचा नियम. आणि कुरडयांच्या पोळ्या होत असल्यामुळे पहिली ओळ काही पुरी होत नव्हती. त्या नियमानेच सगळ्यांना वाचवलं.

"खाऊ नका!" श्यामराव दारातून ओरडले. "कोणी... खाऊ..."

"आला बघ," कुसुमताई म्हणाल्या. "श्याम, लहानपणापासून तू असाच हावरट. रांगेत उभा राहा."

"ताई, ती खळ आहे! त्यात... मोरचूद आहे!"

रशीदाभाभींनी वाटी मागे घेतली आणि पोरांना दोन पावलं मागे लोटलं. कुसुमताईंच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. वासंतीबाई मात्र शांत होत्या. त्यांचं असं शांत होणं श्यामरावांनी लग्नानंतर फक्त दोनदा पाहिलं होतं.

"मग चीक कुठंय?" त्यांनी विचारलं.

"हत्तीला."

"किती?"

"मागचे दोन पाय. आणि थोडं पोट."

वासंतीबाई जिना उतरू लागल्या. मागोमाग कुसुमताई, रशीदाभाभी, चार पोरं आणि सर्वांत शेवटी, आरोपी मागे असतो तसे, श्यामराव.

पार्किंगमध्ये वासंतीबाईंनी पातेल्यात पाहिलं. निम्म्याहून जास्त चीक शिल्लक होता. श्यामरावांना कळून चुकलं : उरलेला चीक कुरडयांना गेला, की हत्ती गेला. खळ फेकून द्यायची, घरात मैदा नाही, कागद वाळायला एकच दिवस. त्यांना डोळ्यांसमोर भंगारवाल्याची हातगाडी दिसू लागली. तीत ऐकत बसलेला गणपती.

वासंतीबाईंनी हत्तीच्या पायावरून बोट फिरवलं.

"हे कुणी लावलं?"

"मी."

"इतक्या सुरकुत्या? माझा एवढा मऊसूत चीक, आणि असा थापतात? शेण सारवल्यासारखा?" त्यांनी पदर खोचला. "सरका. द्या तो कागद इकडं. अहो, उभे काय राहिलात, पट्ट्या फाडा!"

"पण कुरडया?" कुसुमताईंनी विचारलं.

"तीन दिवसांचे माझे गहू आता या जनावराच्या अंगात आहेत, वन्सं. ते काय गबाळं दिसू देऊ?"

नासिरभाईंनी भिंतीला टेकून निर्विकारपणे शेरा दिला, "वहिनींचा हात बांधणीत असता, तर मी दुकान बंद करून पेन्शन घेतली असती."

दहा वाजेपर्यंत हत्ती कागदाने मढला. चीक तरीही उरला. रशीदाभाभींनी तो घरी नेऊन पुन्हा गरम केला, नवा सोऱ्या आणला आणि म्हणाल्या, "वासंतीताई, याच्या पाठीवर झूल घालू या?" मग त्या तिघींनी हत्तीच्या पाठीवर, थेट, कुरडया पिळल्या! मध्ये मोठी, भोवती लहान, कडेला वेलबुट्टी. श्यामरावांनी एक नक्षी सुचवून पाहिली. तिघींनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. ते पट्ट्या फाडायला गेले.

हत्ती गच्चीत वाळायला गेला आणि तिथे खरी लढाई जुंपली. धायरीतल्या कावळ्यांनी एवढी मोठी कुरडई जन्मात पाहिली नव्हती. शनिवार दुपार, रविवार सकाळ, रविवार दुपार, श्यामराव डोक्याला ओला पंचा बांधून, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बासरी घेऊन बसले. बासरी उगारायला. उन्हाने त्यांचा चेहरा भाजून निघाला, पण ते उठले नाहीत. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ते एखाद्या कामापाशी शेवटपर्यंत बसले होते.

रविवारी सहाला स्टेजवर पाच शनिवारवाडे, एक रॉकेट आणि हत्ती. करडा, डौलदार, पाठीवर पांढरी शुभ्र जाळीदार झूल. गर्दी फक्त हत्तीपुढे! परीक्षक होते सोसायटीचे अध्यक्ष सर्जेराव, मूळचे धायरी गावातले, ज्यांच्या शेतावर ही सोसायटी उभी आहे.

"ह्ये झालरीचं काम कशाचं हाय?"

"ओळखा," वासंतीबाई म्हणाल्या.

सर्जेरावांनी एक कोपरा मोडला, हुंगला आणि तोंडात टाकला. सर्जेराव सावकाश चावत राहिले.

"मीठ बरोबर हाय," त्यांनी माइकवर जाहीर केलं. "पयला नंबर!"

टाळ्या अशा पडल्या की पाचपैकी एक शनिवारवाडा कोसळला. "कुणाकुणाचे हात लागलेत?" असं विचारल्यावर श्यामरावांनी बायकोचं नाव पहिलं घेतलं, बहिणीचं दुसरं, मग शेजाऱ्यांची. स्वतःचं नाव घ्यायच्या आत माइक बंद पडला, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. हत्ती पुरा झाला होता. सोंडेसकट!

"गॅलरी तुमची," वासंतीबाई तिथेच, सगळ्यांसमक्ष म्हणाल्या. "शब्द म्हणजे शब्द."

मिरवणुकीने हत्ती घरी आला. पहिल्या नंबराचा हत्ती पार्किंगमध्ये ठेवणं शक्यच नव्हतं. सहा माणसांनी तो तिरका करून, सोंड सांभाळून, गॅलरीच्या सरकत्या दारातून आत घातला. तो बरोबर बसला. इतका बरोबर, की या भिंतीपासून त्या कठड्यापर्यंत बोटभर जागा उरली नाही. बोन्सायची फुटकी कुंडी, गणपती, सगळी हत्यारं त्याच्या पलीकडे राहिली. बाहेर काढायचा म्हटलं, तर आता झूल मोडणार. आणि झुलीला हात लावायची घरात कोणाची छाती नव्हती.

सोमवारी सकाळी भंगारवाला आला नाही. त्याऐवजी वॉशिंग मशीन आलं. ते बाथरूममध्ये व्यवस्थित मावलं.

संध्याकाळी नासिरभाई आले. त्यांनी काचेतून हत्तीचा मागचा भाग बराच वेळ पाहिला.

"म्हणजे शेवटी स्टुडिओ जिंकलात, श्यामराव!"

"जिंकलो!" श्यामराव छाती फुगवून म्हणाले. "कायमचा!"

"वा. मग आता कलासाधना कुठं करता?"

श्यामरावांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सध्या पट्ट्या फाडतो. ती म्हणते, पुढच्या वर्षी उंट करायचाय."