आराधनाची अश्विनीला ना-हरकत

माणूस नश्वर आहे, त्याची झेरॉक्स टिकते. कायद्याने हे फार पूर्वी ओळखले आणि माणसाकडे बघणे थांबवून त्याच्या कागदाकडे बघायला सुरुवात केली. त्यामुळे समाजाचा किती वेळ वाचला, याची मोजदाद अजून कोणी केलेली नाही. (केल्यास साक्षांकित प्रत जोडावी लागेल.)

मी आबासाहेब. जामखेडला कोर्टाच्या बाहेर कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. मी वकील नाही. मी वकिलांच्या शेजारी बसतो, आणि शेजारामुळे जेवढे ज्ञान येते तेवढे मला आलेले आहे. अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रे लिहून देतो. शिवाय इथल्या एका साप्ताहिकात 'कायदा सोपा आहे' हे सदर चालवतो. सदराचे नाव संपादकांनी ठेवले. मी त्याच्याशी सहमत नाही, कारण कायदा सोपा झाला तर मला टेबल उचलावे लागेल.

सदराकडे येणाऱ्या पत्रांचे मी वर्गीकरण केले आहे. चाळीस टक्के लोक विचारतात, तोंडी करार चालतो का? (चालतो. भांडण होईपर्यंत.) तीस टक्के विचारतात, दुकान काढायला किती परवाने लागतात? (दुकान बंद पडेपर्यंत पुरतील इतके.) वीस टक्क्यांना जाणून घ्यायचे असते की, नुकसान झाले तर जबाबदार कोण? (जो कोर्टात उशिरा पोहोचतो तो.) आठ टक्के लोक बायकोला परदेशी कसे न्यावे ते विचारतात. उरलेले दोन टक्के शेजाऱ्याच्या गटाराबद्दल लिहितात, आणि खरे सांगायचे तर तीच पत्रे सर्वांत मुद्देसूद असतात.

पहिले चारही प्रश्न एकाच माणसाला पडल्याचे माझ्या पाहण्यात एकच उदाहरण आहे. तेही पूर्ण खरे नाही, कारण ती माणसे दोन होती.

राजूरच्या पुंजारामांची मुलगी अश्विनी चार वर्षांपूर्वी लग्न होऊन जामखेडला आली. नवरा आदिनाथ, साखर कारखान्यात वेल्डर. सासू गोजरबाई. आपल्या रिवाजाप्रमाणे लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले, आणि आदिनाथने अंगठीने त्यात बायकोचे नवे नाव लिहिले: आराधना. नाव गोजरबाईंनी निवडले होते. आदिनाथ-आराधना असे दारावर आणि गाडीच्या मागे शोभून दिसते, हे त्यांचे कारण. मला ते सबळ वाटते. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंदही याच नावाने झाली. आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि पुढे निघालेला पासपोर्ट मात्र अश्विनीच्याच नावावर राहिले, कारण ती कार्यालये लग्नाला आलेली नव्हती.

नाव बदलण्याची ही पद्धत मला सरकारी पद्धतीपेक्षा कितीतरी सुटसुटीत वाटते. अर्ज नाही, जाहिरात नाही, हेलपाटे नाहीत, आणि जिचे नाव बदलायचे तिला विचारावे लागत नाही. हेच काम राजपत्रातून करायचे म्हटले तर तिची सही मागतात.

वर्षभराने अश्विनीने (किंवा आराधनाने, पुढे मी सोयीप्रमाणे लिहीन) बसस्थानकाजवळ ब्युटी पार्लर काढले. गाळ्याच्या मालकाने करार आपल्या ओळखीच्या बाईशी, म्हणजे आराधनाशी केला. शॉप ॲक्टचा दाखला आधार कार्डावरून निघतो, म्हणून तो अश्विनीला मिळाला. मग ती माझ्या टेबलाशी आली.

"आबासाहेब, गाळा एकीचा अन् परवाना दुसरीचा, असं चालतंय का?"

मी विचार केला. एकीचा गाळा आणि दुसरीचा परवाना मिळून जो धंदा होतो त्याला कायदा भागीदारी म्हणतो. मी तिथल्या तिथे भागीदारीपत्र लिहिले. पक्ष क्रमांक एक अश्विनी, पक्ष क्रमांक दोन आराधना. दोघींपैकी एकीने कामात कुचराई केल्यास दुसरीने तिला लेखी समज द्यावी. वाद न मिटल्यास गोजरबाईंचा शब्द अंतिम. सह्या सारख्या दिसू नयेत म्हणून अश्विनीने सही केली आणि आराधनाने अंगठा उठवला. त्यामुळे आराधना निरक्षर ठरली, पण धंद्यात थोडे सोसावे लागते. ते भागीदारीपत्र मी बरेच दिवस गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवत असे.

दरम्यान आदिनाथला परदेशी नोकरी लागली. एका थंड देशात, जहाजे बांधण्याच्या कारखान्यात. (देशाचे नाव देत नाही. त्या देशाशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे.) बायकोला पुढे बोलावून घेईन, असे सांगून तो गेला.

याच सुमारास लंकाबाईंच्या भुवईचे प्रकरण घडले. लंकाबाई या माजी सरपंच. पुतण्याच्या हळदीला निघण्यापूर्वी त्या पार्लरच्या खुर्चीत बसल्या, आणि उठल्या तेव्हा त्यांची डावी भुवई निम्मी होती. दोरा चालू असताना आदिनाथचा फोन वाजला होता. लंकाबाईंनी पाटीवरचे नाव वाचून आराधनाला नोटीस दिली. मी उत्तर लिहिले: आराधनाकडे परवानाच नाही, सबब तिने भुवईला हात लावणे कायद्याने अशक्य आहे. मग त्यांनी अश्विनीला नोटीस दिली. मी उत्तर लिहिले: गाळा अश्विनीचा नाही, सबब ती तिथे असण्याचे कारणच नाही. अशा रीतीने जबाबदारी कोणाचीच नसल्याचे सिद्ध झाले. लंकाबाई पेन्सिलीने काढलेली भुवई घेऊन माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

"मंग मला काय भुतानं धरलं हुतं व्हय रं?" त्या म्हणाल्या.

भुताच्या जबाबदारीबद्दल कायदा मौन बाळगून आहे, हे मी त्यांना नम्रपणे सांगितले. माझ्या कारकिर्दीतला तो सर्वांत समाधानाचा आठवडा होता.

आदिनाथला बायको आणण्याची परवानगी मिळायला दोन वर्षे गेली. तोवर संसार फोनवर चालला. अश्विनी फाईल तयार करायला आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. ती म्हणाली, "आबासाहेब, मला दुसरं काय बी नको. त्यांनी तिकडं भाकरीचा तवा घेऊन ठेवलाय. त्यो तसाच पडलाय. एवढं काम करा."

मी फाईल इतकी भक्कम केली की ती उचलायला दोन हात लागत. आधार, पासपोर्ट, लग्नाचा दाखला, गाळ्याचा करार, शॉप ॲक्ट, लंकाबाईंच्या नोटिसा उत्तरांसह, आणि शोभा म्हणून वर भागीदारीपत्र. कागद जास्त झाला म्हणून कोणाचे काम अडल्याचे मी ऐकलेले नव्हते.

मुंबईच्या व्हिसा-कचेरीत अश्विनी सकाळपासून बाकावर बसली होती. खिडकीतून नाव पुकारले गेले. अश्विनी. कोणी उठले नाही. पुन्हा पुकारले. हिनेही इकडेतिकडे पाहिले, की कोण बाई एवढी नंबर लागूनही उठत नाही. तिसऱ्या वेळी खिडकीने गैरहजेरी लावली आणि फाईल तशीच आत गेली. दुपारी हिने जाऊन विचारले, आराधनाचा नंबर कधी आहे?

तिने हे सांगितले तेव्हा मी लिहिता हात थांबवला. तिला अश्विनी म्हणणारे एकटे पुंजाराम उरले होते. राजूरहून फोन करून ते "अश्विनी, जेवलीस का?" असे विचारत. मागल्या साली ते गेले, आणि त्यानंतर ते नाव तिच्या कानावर पडलेले नव्हते. मला वाईट वाटले. प्रतिज्ञापत्रात वाईट वाटल्याचा रकाना नसतो, म्हणून ते इथे नोंदवून ठेवतो.

महिन्याभरात कचेरीचे पत्र आले. अर्ज अश्विनीचा आहे. पत्नी आराधना आहे. दोघी मिळून व्यवसाय करतात, असे भागीदारीपत्रावरून दिसते. तरी अर्जदाराचे पतीच्या पत्नीशी नेमके नाते काय, याचा खुलासा करावा.

प्रश्न उत्तम रीतीने मांडलेला होता, हे मला मान्य करावे लागले. दोघी एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र करावे, तर दोघी दोन आहेत असे मीच लिहून ठेवलेले. उपाय एकच होता: नाव बदलल्याचा मूळ दस्त हजर करणे. मी गोजरबाईंच्या घरी गेलो.

"मावशी, तो मूळ दस्त कुठे आहे?"

"कुठला रं?"

"ताटातले तांदूळ."

"त्येचा भात केला."

"मग साक्षीदार तरी सांगा."

"समद्यांनी खाल्ला की. तू बी हुतास पंगतीला. दोनदा वाढून घेतलास."

पुरावा नष्ट झाला होता आणि त्यात माझा सहभाग होता. आता सरळ मार्ग एकच उरला. आदिनाथच्या संसारातून आराधनाने बाजूला व्हायचे आणि अश्विनीने त्याच्याशी लग्न करायचे. मी मजकूर तयार केला: 'मी आराधना स्वखुशीने पार्लरच्या भागीदारीतून व आदिनाथ यांच्या संसारातून निवृत्त होत असून, माझ्या पतीशी अश्विनीने विवाह करण्यास माझी हरकत नाही.' (दोन्ही निवृत्त्या एकाच बाँडवर बसवल्या. कागद जपून वापरावा.) अंगठा उठवताना आराधनाला रडू आले. अश्विनीने साक्षीदार म्हणून सही केली.

आदिनाथ सुट्टी काढून लग्नाला आला. मांडव लहानच घातला, पण माणसे भरपूर आली, कारण एकाच घरात एकाच बाईशी दुसरे लग्न लावताना कोणी पाहिलेले नव्हते. गोजरबाई मन लावून सगळ्यांचे स्वागत करत होत्या. "पयली बी गुनाची हुती," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. "पर कागदात बसंना."

लग्न लागले आणि गोजरबाईंनी तांदळाचे ताट आणून पुढे ठेवले.

"आत्याबाई, हे कशाला?" अश्विनीने विचारले.

"नवी सून आली म्हंजी नाव नको का ठिवाया? आदिती लिव रं आदिनाथ."

मला समोर तिसरी भागीदार दिसू लागली, तिचा गाळा, तिची लंकाबाई, तिची निवृत्ती. आदिनाथने अंगठी काढून तांदळावर नेली. तेवढ्यात अश्विनीने त्याच्या बोटांतून ती अंगठी काढून घेतली आणि वाकून स्वतःच लिहू लागली. हळूहळू लिहिले, शाळेत पाटीवर लिहितात तसे. आदिनाथने बायकोकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

गोजरबाईंना वाचता येत नाही. "काय लिवलंस?" त्यांनी विचारले.

"अश्विनी."

गोजरबाईंनी थोडा विचार केला. "बरं हाय की," त्या म्हणाल्या. "कुठंतरी ऐकल्यावानी वाटतंय."

ते ताट मी स्वयंपाकघरात जाऊ दिले नाही. फोटो काढला, नोटरीला मांडवातच बोलावून ताटाच्या काठावर शिक्का मारून घेतला आणि तांदूळ पिशवीत सीलबंद केले. पंगत त्या दिवशी पुरीवर भागवली. स्वतःचे नाव बदलून स्वतःचेच ठेवल्याचा हा आपल्या जिल्ह्यातला पहिलाच दस्त असावा.

नवा अर्ज भरायला आम्ही गोजरबाईंच्या ओसरीवर बसलो. एकच रकाना राहिला होता: पतीच्या आईचे जन्माच्या वेळचे नाव.

"गोजरबाई लिवा," आदिनाथ म्हणाला.

गोजरबाई शेंगा फोडत होत्या. "गोजर माज्या सासूनं ठिवलं," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"मग आधीचं काय होतं?" मी विचारले.

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "बायडा," त्या म्हणाल्या.

आदिनाथ आईकडे बघत राहिला. तो चौतीस वर्षांचा झाला, याच घरात वाढला, आणि हे नाव त्याने पहिल्यांदा ऐकले, तेही एका परदेशी सरकारने विचारले म्हणून. मी रकान्यात लिहिले. गोजरबाईंनी पदराला हात पुसले आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

"आबा, मोठ्यानं वाच की, काय लिवलंय ते."

मी वाचले. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. मी पुन्हा वाचले.

अश्विनी गेली. मुंबईच्या खिडकीत नाव पुकारले तेव्हा पुकारणाऱ्याचा शब्द पुरा व्हायच्या आत ती उभी होती. तिकडे तव्यावर भाकरी फुगल्याचा फोटो तिने मला पाठवला, तो मी फाईलला लावला आहे. पार्लर बंद आहे. लंकाबाईंची भुवई परत आली, पण त्यांनी नोटिसा मागे घेतलेल्या नाहीत.

वाचकहो, आता तुमचा प्रश्न. वरच्या प्रकरणात तुम्ही आदिनाथला हसला असाल, तर तुमच्या आईचे जन्माचे नाव काय, ते समोरच्या कागदावर लिहा. आडनाव नको, ते बँकेला माहीत आहे. येत नसेल तर घरी जाऊन विचारा. आई हयात असेपर्यंत या कामाला बाँड लागत नाही. त्यानंतर तुम्हाला माझ्याकडे यावे लागेल, आणि मी मूळ दस्त मागेन.