सासूबाईंच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग

पंच्याहत्तर साली मी दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो, आणि बायकोचं मन राखण्याची मला दुर्बुद्धी झाली. तिच्या माहेरी, केंदूरला, पिठाची गिरणी आली होती.

"आता आयचं जातं बंद पडनार. तिच्या ओव्या धरून ठेवा की कशात तरी," पार्वती म्हणाली. तिचे डोळे भरले आणि मी फशी पडलो.

माझा दोस्त मच्छिंद्र रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला कॅसेट टेपरेकॉर्डरसकट केंदूरला नेलं.

"हे येंत्र सोताच आवाज सांभाळतंय," तो वाटेत म्हणाला. "मोठा आला की दाबतंय, बारीक आला की वर उचलतंय." (सासुरवाडीला जायचं असल्यामुळे मी 'दाबतंय' एवढंच लक्षात ठेवलं.)

सासूबाईंनी, म्हणजे सोजरबाईंनी, आधीच बजावलं, "येकदाच म्हनंन. ओवी काय मागून येत न्हाई."

सकाळी मायलेकी जात्याला बसल्या. यंत्र मधे, आम्ही दोघं दाराशी. जातं घरघरलं, ओवी सुरू झाली. काय गोड गळा! घास घालायला जातं जरा थांबलं, तेवढ्यात मी मच्छिंद्रच्या कानाला लागलो, "आज परत हुलग्याची शेंगोळी असली, तर साहेबाची तार आली म्हणून सटकू. कालची अजून घशात आहेत." (काल मीच तीनदा मागून घेतली होती. जावई ना!)

दुपारी अंगणात निम्मं केंदूर जमलं. टेप लावली, तर नुसती घरघर! यंत्रानं जात्याला दाबलं आणि सोबत ओवीही दाबली. पार्वतीचा चेहरा उतरला. मग टेपमधलं जातं थांबलं आणि माझी कुजबुज अंगणभर घुमली. शेंगोळी, तार, घसा, सगळं.

"बंद कर!" मी ओरडलो.

"थांब, आजून हाय," मच्छिंद्र म्हणाला.

पाठोपाठ सासूबाईंची कुजबुज आली, अगदी लख्ख, "पारू, ऐकलंस का? जावईबापूस्नी आजबी शेंगोळीच रांध. आन् तार आली तर मला वाचून दावा म्हनावं."

अंगण हसून लोळलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जेवायला बसा, जावईबापू."

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ओव्या गेल्याच, त्यांचा आवाज म्हणून तेवढी एकच कुजबुज उरली. आईची आठवण आली की पार्वती ती कॅसेट लावते, हसता हसता डोळे पुसते. मलाही भरून येतं.

मग ती उठते आणि आईच्या शब्दाबाहेर जायचं नाही म्हणून शेंगोळी रांधते. ती अजूनही घशात अडकतात, पण या घरात मी आता कुजबुजतसुद्धा नाही.